पांढऱ्या पट्ट्याचा अर्थ
मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यध्वजाचा आराखडा जाहीर केला. कन्नड चळवळीचे लाल-पिवळे निशाण रूढ होतेच. त्या दोन रंगांमध्ये पांढरा पट्टा घालून त्यावर गंडभेरुंडाचे राज्यचिन्ह ठेवण्यात आले. अशा ध्वजाने राष्ट्रध्वजाचा मान उणावतो, असे आम्हांस वाटत नाही. प्रश्न निराळाच आहे. चळवळीचे निशाण एका भाषेचे असू शकते. राज्याचा ध्वज मात्र त्या राज्यातील प्रत्येक नागरिकाचा असावा लागतो. बेळगावच्या मराठी माणसाला त्या पांढऱ्या पट्ट्यात आपली जागा दिसेल काय? दिसली, तरच तो ध्वज राज्याचा. एरव्ही केवळ बहुसंख्यांचा. उद्या महाराष्ट्राने स्वतंत्र ध्वज उभारावयाचे मनात आणल्यास त्यासही हीच कसोटी लागेल, हे आपण विसरता कामा नये.