वस्ती झाकली, प्रश्न मात्र उघडाच!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील सिएटल शहरात बोईंग कंपनीचा मोठा कारखाना होता. तेथे बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने तयार होत. शत्रूच्या विमानांना हा कारखाना दिसू नये म्हणून त्याच्या छपरावर एक आख्खी नकली वस्ती उभारण्यात आली. गोणपाट, लाकूड, तारेची जाळी आणि रंग यांच्या साहाय्याने घरे, झाडे, रस्ते बनवले गेले. आकाशातून पाहणाऱ्याला वाटावे की, खाली साधी माणसे राहणारी साधी वस्ती आहे. आपल्याकडे १९४२ साली ताजमहालाच्या घुमटाभोवती बांबूंची परांची बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात त्याच ताजमहालावर हिरवे कापड टाकले गेले. या दोन्ही ठिकाणी हेतू स्पष्ट होता. जे मोलाचे आहे ते शत्रूच्या नजरेपासून लपवायचे आणि वाचवायचे.

हे सांगण्याचे कारण असे की, शांततेच्या काळात आपल्या देशात हीच विद्या उलटी वापरली जाते. सिएटलमध्ये कारखाना लपवण्यासाठी खोटी वस्ती रंगवली. येथे खऱ्या वस्त्या लपवण्यासाठी रंग, कापड आणि भिंती वापरल्या जातात. लपवणारा आपलाच, लपवला जाणारा आपलाच, आणि ज्याच्यापासून लपवायचे तो शत्रू नाही, पाहुणा आहे!

उदाहरणे ताजी आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प अहमदाबादला आले, तेव्हा विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यालगतच्या सरणियावास या गरीब वस्तीसमोर घाईघाईने भिंत बांधण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० परिषदेच्या बैठकीसाठी परदेशी प्रतिनिधी मुंबईत आले, तेव्हा महामार्गालगतच्या झोपडपट्ट्यांसमोर कापडाचे पडदे आणि फलक लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत शिखर परिषद झाली, तेव्हा वसंत विहारजवळच्या कुली कॅम्पसमोर हिरवे पडदे उभे राहिले. परदेशातही असे प्रकार झाले आहेत. २०१३ साली उत्तर आयर्लंडमध्ये जी-८ परिषद भरली, तेव्हा मंदीमुळे बंद पडलेल्या दुकानांच्या काचांवर भरलेल्या दुकानाची चित्रे चिकटवण्यात आली होती. तेथे निदान बंद दुकाने झाकली. येथे जिवंत माणसे झाकली गेली.

कापड आणि भिंत यांचा हेतू लगेच ओळखता येतो. रंगाचे प्रकरण अधिक नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर बोलले पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील घरांच्या भिंती स्वयंसेवकांनी लाल, पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या. ही टेकडी वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून दिसते. वर्तमानपत्रांनी तिची तुलना थेट इटलीतील पोझिटानो गावाशी केली. लोक फोटो काढायला येऊ लागले. ज्या टेकडीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्याकडे मेट्रोचे प्रवासी कौतुकाने पाहू लागले.

यात वाईट काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्तच आहे. रंगवणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. वस्तीतील अनेकांना रंग आवडला, हेही खरे. गरिबाने काय कायम करड्या पत्र्याखालीच राहावे? आम्हाला रंगाचे वावडे नाही. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत फिरून पाहा. पदराला खार लावून, वर्गणी काढून लोक विहार रंगवतात, गल्ली सजवतात, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र काढतात. निळा रंग आपल्या माणसांनी कोणाच्या नजरेला बरे वाटावे म्हणून लावलेला नाही. तो 'आम्ही आहोत' हे सांगण्यासाठी लावलेला आहे. रंगाने माणूस प्रकट होतो, तसा तो पुसलाही जातो. फरक ओळखायचा तर प्रश्न विचारावे लागतात. रंगवायचे कोणी ठरवले? कोणती भिंत रंगवायची, रस्त्यावरून दिसणारी की आतली? रंगाआधी काय करायचे राहिले होते? आणि रंग वाळल्यावर अधिकारी पुन्हा त्या गल्लीत आला का?

या प्रश्नांची उत्तरे टेकड्यांवरच्या वस्त्यांसाठी जीवन-मरणाची आहेत. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर कोसळली आणि सुमारे तीस माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी एकाच रात्रीच्या पावसात चेंबूर आणि विक्रोळी येथील डोंगरउतारावर भिंती व घरे कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डोंगरावरच्या माणसाला पहिल्यांदा काय हवे आहे, हे या आकड्यांतून कळते. त्याला संरक्षक भिंत हवी, पाण्याचा निचरा करणारे गटार हवे, रात्री-अपरात्री उतरता येईल अशी पायवाट हवी, धोक्याच्या जागेऐवजी जवळच दुसरे घर हवे. भेगा पडलेल्या भिंतीवर रंग लावला की ती देखणी दिसते. पण ती उभी राहील याची हमी रंग देत नाही. उलट, भेग दिसेनाशी होते हाच त्यातला धोका आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण 'शहराचे विद्रूपीकरण' हा शब्द वापरणारे बहुधा कायदा वाचत नाहीत. महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम १९७१ च्या कलम ४ मध्ये एखादा भाग झोपडपट्टी म्हणून केव्हा जाहीर करायचा हे सांगितले आहे. मूलभूत सुविधा नाहीत, अस्वच्छता आहे, अतिदाटी आहे आणि त्यामुळे रहिवाशांच्या किंवा आसपासच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला वा सोयीला धोका आहे, हे तेथील निकष आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांना ती वस्ती खुपते, हा निकष तेथे नाही. सुधारणेची कामे म्हणून तोच कायदा पाण्याच्या वाहिन्या, मलवाहिन्या, संडास, नळ, गल्ल्यांची फरसबंदी, दिवे यांची नावे घेतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. गटारे, सार्वजनिक संडास, पाणीपुरवठा, सफाई ही त्यांतली आहेत. पडदे लावणे हे कोणत्याही पालिकेचे बंधनकारक कर्तव्य नाही, तरी ते एका रात्रीत पार पडते. संडास बंधनकारक आहे, तो मात्र वर्षानुवर्षे 'प्रस्तावित' राहतो!

पैसे नाहीत, हे प्रशासनाचे नेहमीचे उत्तर. हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच फेटाळले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेविरुद्ध वर्दीचंद या खटल्यात उघडी गटारे, दुर्गंधी आणि संडासांचा अभाव हा प्रश्न होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात स्पष्ट केले की, आर्थिक अडचणीची सबब सांगून नगरपालिकेला आपले वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही. दुसरे नेहमीचे उत्तर, 'वस्ती बेकायदेशीर आहे'. त्यालाही डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेत उत्तर दिले. झोपडी बेकायदेशीर असली तरी तेथील माणसाचे पाणी तोडता येत नाही, कारण पाणी हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या माणसांना हा निकाल तोंडपाठ असला पाहिजे.

न्यायालयांची नजर नेहमी अशीच होती असे मानण्याचेही कारण नाही. २००० साली अलमित्रा पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच झोपडीधारकाला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा अर्थाची तुलना केली होती. काळा कोट घालून न्यायालयात उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याला ती तुलना आजही बोचते. ज्या माणसांनी शहर बांधले, धुतले, झाडले, त्यांनाच शहराचा खिसा कापणारे ठरवायचे, आणि नंतर पाहुणा आला की त्यांच्यावर कापड टाकायचे! या दोन्ही गोष्टी एकाच मनातून येतात.

हे मन कोठे घडले, हे आंबेडकरी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. गावाची रचनाच अशी होती की, महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर, ठराविक दिशेला. सावलीचा विटाळ आपण ऐकून आहोत. पण दृष्टीचा विटाळही होता. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागात पुरद वण्णान नावाची जात होती. अस्पृश्यांचे कपडे धुणारी ही माणसे दृष्टीस पडली तरी विटाळ होतो, असे मानले जाई. त्यांनी दिवसा बाहेर पडायचे नाही, रात्रीच काम करायचे, असा दंडक होता. १९३२ साली ही हकीकत वर्तमानपत्रात आली होती. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात तिची नोंद घेतली. अस्पृश्यतेच्या पलीकडे 'अदर्शनीयता' ही पायरीही या समाजव्यवस्थेने निर्माण केली होती, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. महामार्गावरचा हिरवा पडदा हे त्याच पायरीचे शहरी रूप आहे, असे म्हटले तर काहींना अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. देशाच्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे, तर झोपडपट्ट्यांत ते २०.४ टक्के आहे. बृहन्मुंबईत त्या वेळी ५२ लाखांहून अधिक माणसे, म्हणजे शहराचे सुमारे ४२ टक्के लोक, झोपडपट्टीत राहत होते. त्यांत मुस्लिम आहेत, भटके-विमुक्त आहेत, आदिवासी आहेत, कोकण-मराठवाड्यातून आलेले मराठा-कुणबी आहेत, उत्तर भारतीय आहेत. पडदा लावणारा जात विचारून लावत नाही, हे खरे. पण पडद्यामागे कोण सापडते, हे जातीनेच बरेचसे ठरवून ठेवले आहे.

तेव्हा करायचे काय? नुसता संताप पुरेसा नाही. परिषदा आणि पाहुणे पुढेही येत राहणार आहेत आणि त्यांच्या आधी पडदे आणि रंगाचे डबेही येणार आहेत. अशा वेळी प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करावा. शुल्क फक्त १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे. पडद्यांवर, रंगावर, 'सुशोभीकरणा'वर किती खर्च झाला? कोणत्या लेखाशीर्षाखाली? आदेश कोणाच्या सहीचा? त्याच वर्षी त्याच प्रभागात संडास, गटारे आणि संरक्षक भिंती यांवर किती खर्च झाला? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दोन्ही आकडे एका कागदावर मांडा, समाजमंदिरात मोठ्याने वाचा, नगरसेवकाला बोलवून त्याच्या पुढ्यात ठेवा. जेथे संस्था रंग घेऊन येतील, तेथे त्यांना हाकलून देऊ नका. त्यांना वस्तीच्या बैठकीत बसवा आणि सांगा, रंग जरूर लावू, पण आधी आमच्याबरोबर पालिकेत चला आणि गटाराच्या अर्जावर तुमचीही सही करा. त्यांची आस्था खरी असेल तर ते येतील. शहरातल्या सुशिक्षित मुलांची सही अधिकाऱ्याच्या टेबलावर आपल्या सहीपेक्षा लवकर वाचली जाते, हे दुर्दैव असले तरी वास्तव आहे. त्याचा उपयोग करून घ्यायला लाजू नये.

सिएटलमधील ती नकली वस्ती युद्ध संपल्यावर काढून टाकली गेली. धोका टळला होता, तेव्हा लपवण्याचे कारण उरले नव्हते. आपल्या वस्त्यांसमोरचे पडदेही पाहुणा गेला की निघतात. पण मागचा धोका तसाच राहतो. पावसाळा येतो, नाला भरतो, डोंगर खचतो. सरकारला खरोखर लाज वाटत असेल, तर तिने त्याला संडास आणि संरक्षक भिंत बांधायला लावले पाहिजे. तोपर्यंत आपण दिसत राहू. मोर्चात दिसू, अर्जावर दिसू, मतदार यादीत दिसू आणि महामार्गाच्या कडेलाही दिसू. ज्याच्या डोळ्यांत खुपत असेल त्याने आपली नजर सुधारावी, आणि पालिकेने आमची वस्ती!