डेटोना यूएसए आणि सॅटर्न : चोर सोडून संन्याशाला फाशी

१/ व्हिडिओ गेमच्या इतिहासात एक निकाल वर्षानुवर्षे जसाच्या तसा उतरवला जातो : सेगाने आर्केडमधील 'डेटोना यूएसए' ही मोटारशर्यत १९९५ साली घरच्या सॅटर्न यंत्रावर आणली आणि ती फसली. पुरावा म्हणून दोन आवृत्त्यांचे पडदे शेजारी शेजारी दाखवले जातात. हा निकाल अर्धवट आहे; त्यात दोषी भलताच ठरला आहे.

२/ आधी मूळ कृती. तोशिहिरो नागोशी यांच्या दिग्दर्शनाखाली सेगाच्या एएम-२ विभागाने हा खेळ घडवला आणि १९९४ मध्ये तो आर्केडमध्ये सर्वत्र पोहोचला. त्यामागचे 'मॉडेल २' यंत्र जीई एरोस्पेसमध्ये विकसित झालेल्या तंत्रज्ञानावर उभे होते. सेकंदाला ६० फ्रेम, आणि यंत्रे एकमेकांना जोडली की एकाच शर्यतीत ८ खेळाडू.

३/ सॅटर्नची घडण निराळी. दोन एसएच-२ प्रोसेसर, चित्रासाठी दोन स्वतंत्र चिप. त्रिमितीय दृश्य त्रिकोणांऐवजी ताणलेल्या चौकोनांतून उभे राही, आणि दोन्ही प्रोसेसरांना एकाच मार्गाने मेमरी गाठावी लागे. दोघांत काम वाटून देणे ही कला होती, आणि ती शिकायला वेळ लागणार होता.

४/ उणिवा नाकारण्याचे कारण नाही. सॅटर्नवर वेग सेकंदाला सुमारे २० फ्रेमवर आला. दूरचे डोंगर आणि वळणे गाडी जवळ आल्यावर अचानक उगवत. प्रश्न उणिवांचा नाही, त्यांच्या कारणांचा आहे.

५/ पहिले उत्तर ठरलेले : 'आर्केडशी प्रामाणिक राहणे सेगाला जमले नाही.' मग नाम्कोच्या 'रिज रेसर'चे काय? तोही आर्केडमध्ये ६० फ्रेमचा होता आणि प्लेस्टेशनवर ३० वर आला. त्याला मात्र यशस्वी रूपांतर म्हटले जाते. म्हणजे मूळ कृतीपासूनची घट हा खरा निकष नव्हताच. निकष होता शेजारच्या दुकानातील स्पर्धकाचा.

६/ दुसरे उत्तर : 'यंत्रच कमकुवत.' तेही टिकत नाही. 'सेगा रॅली' हादेखील 'मॉडेल २' वरचाच खेळ. डिसेंबर १९९५ मध्ये तो याच सॅटर्नवर ३० फ्रेमने धावला, शिवाय पडदा विभागून दोघांना खेळता आला. एप्रिल ते डिसेंबर या काळात यंत्र बदलले नव्हते. बदलला होता हाताशी असलेला वेळ आणि साठलेला अनुभव.

७/ आता तारखा पाहाव्यात. जपानमध्ये सॅटर्न २२ नोव्हेंबर १९९४ रोजी आला. प्लेस्टेशन ३ डिसेंबरला आले, आणि पहिल्याच दिवशी 'रिज रेसर' सोबत. सेगाला तोडीची शर्यत हवी होती. सॅटर्नवरचा 'डेटोना' १ एप्रिल १९९५ रोजी विक्रीस आला, यंत्र बाजारात येऊन साडेचार महिनेही झाले नव्हते.

८/ अमेरिकेत घाई आणखी वाढली. तेथे २ सप्टेंबर ही तारीख जाहीर झाली होती. पण ११ मे रोजी टॉम कॅलिन्स्की यांनी सॅटर्न निवडक दुकानांत आलाच आहे, असे सांगितले. किंमत ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीने २९९ चा आकडा उच्चारला. सप्टेंबर धरून चाललेल्या इतर कंपन्यांचे खेळ तयार नव्हते. त्या रिकाम्या फळीचा भार ज्या मोजक्या खेळांवर पडला, त्यांत 'डेटोना' होता.

९/ शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांतून आणखी दोन गोष्टी निसटतात. खरी हानी फ्रेमची नव्हे, संगतीची : आठांची शर्यत घरी एकट्याची झाली. आणि एक लाभही झाला. ताकेनोबु मित्सुयोशी यांचे गायन आर्केडमध्ये तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागले होते. सीडीमुळे ते घरी सलग आणि भरघोस ऐकू आले. तीनही मार्ग आणि मागचे चाक घसरवत वळण घेण्याची खुमारीही शाबूत राहिली.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनाला आधी त्याची तारीख विचारावी, मग गुण द्यावेत. 'डेटोना'चे रूपांतर करणाऱ्यांनी मिळालेल्या महिन्यांत जे जमले ते केले. ते महिने कोणी ठरवले, हे न विचारता दिलेला निकाल म्हणजे विजेत्या कंपनीच्या जाहिरातीची नक्कल. तिला इतिहास म्हणू नये.