हलके शस्त्र, जड जबाबदारी

शस्त्र परवानाधारक म्हटले की सराफ, पेट्रोल पंपचालक, बांधकाम व्यावसायिक किंवा मोठा बागायतदार असा एखादा भरदार पुरुष डोळ्यांसमोर येतो. हे चित्र आता अपुरे ठरू लागले आहे. रात्रपाळी संपवून एकटीने घरी परतणारी डॉक्टर, दिवसभराची रोकड घेऊन दुकान बंद करणारी व्यापारी महिला, शेतातल्या वस्तीवर राहणारे वयस्क जोडपे, अशांच्या मनातही स्वसंरक्षणासाठी शस्त्र घ्यावे काय, असा विचार येतो. सोलापूर शहरात अशा परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. परवाना मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण चर्चा सुरू होते ती ‘कोणते घ्यावे’ येथून. आणि अर्जदार लहान चणीची, यापूर्वी कधीही शस्त्र न हाताळलेली व्यक्ती असेल, तर आप्तेष्टांकडून हमखास एकच सल्ला मिळतो : ‘छोटेसे, हलकेसे घ्या.’ हा सल्ला सदिच्छेतून दिला जात असला, तरी तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे.

निवड मुळातच मर्यादित

अमेरिकेतील खरेदीदारापुढे शेकडो पर्याय असतात. भारतात तसे नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना देणे न देणे हे प्राधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे भारतीय राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात लक्ष वेधले होते. लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला घेता येत नाही. परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासूनच बंद आहे. परिणामी, जुनी विदेशी शस्त्रे वगळली, तर नागरिकाची निवड व्यवहारात ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, त्याच बोअरचे पिस्तूल आणि ०.२२ बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर यांभोवतीच फिरते.

लहान चणीच्या नवख्या व्यक्तीच्या दृष्टीने ही मर्यादा एका अर्थाने पथ्यावर पडणारी आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ०.३२च्या काडतुसाची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या काडतुसाच्या ढोबळमानाने एक तृतीयांश असते. त्यामुळे हाताला बसणारा धक्काही सौम्य असतो. जगभरात नवख्यांना ज्या धक्क्याची भीती वाटते, तो आपल्याकडे कायद्यानेच काहीसा कमी केला आहे. मात्र म्हणून अडचण संपत नाही.

‘निर्भीक’चा धडा

दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. महिलांसाठीचे देशातील पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टायटॅनियम मिश्रधातूचा वापर, सुमारे ५०० ग्रॅम वजन आणि पर्समध्ये मावेल असा आकार ही त्याची वैशिष्ट्ये सांगितली गेली. किंमत होती सुमारे सव्वा लाख रुपये. पाठोपाठ पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने ०.२२ बोअरचे, अवघ्या अडीचशे ग्रॅम वजनाचे ‘निडर’ आणले. महिला म्हणजे हलके शस्त्र, हे समीकरण यातून पक्के झाले.

हे समीकरण भौतिकशास्त्राच्या साध्या नियमापुढे टिकत नाही. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने शस्त्र मागे येते. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन कमी केले, तर ते अधिक वेगाने मागे येणार. ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरऐवजी ५०० ग्रॅमचे घेतले, तर हातावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. म्हणजे ज्या व्यक्तीचे मनगट नाजूक, तिच्याच हाती अधिक उसळणारे शस्त्र दिले जाते. पर्समध्ये वाहून नेण्यास सोपे असलेले शस्त्र चालविण्यासही सोपे असेल, असे नाही. पहिल्याच दिवशी बसलेल्या धक्क्याने नवख्या व्यक्तीच्या मनात भीती घर करते. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, हात खाली झुकतो आणि नेम चुकतो.

‘निडर’सारख्या ०.२२ बोअरच्या शस्त्राला धक्का फारसा नसतो, कारण त्याची गोळीच लहान असते. सरावाला ते सोयीचे. ऑलिंपिकमधील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ०.२२ बोअरचेच पिस्तूल वापरले जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक पटकावले. पण हल्लेखोराला थोपविण्याची या गोळीची क्षमता बेताचीच असते.

हात, बोट आणि चाप

मग निवडताना पाहायचे तरी काय? सर्वांत आधी हाताचा पंजा. शस्त्राची मूठ अशी हवी की ती धरल्यावर नळी मनगटाच्या आणि कोपरापर्यंतच्या हाताच्या सरळ रेषेत राहावी आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकावा. बोट पोहोचत नाही म्हणून मूठ वळवून धरावी लागत असेल, तर ते शस्त्र कितीही नामांकित असले, तरी त्या व्यक्तीसाठी नव्हे. मूठ फारच आखूड असेल, तर करंगळी खाली लोंबकळते आणि पकड सैल होते. कपडे मापाने घेणारे आपण शस्त्र मात्र माप न घेता घेतो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

दुसरी बाब चापाची. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा, तर साधारणपणे साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. लहान पंजाच्या व्यक्तीची खरी परीक्षा येथे होते. एका बोटाने एवढा जोर लावताना संपूर्ण हात थरथरतो आणि नळी हलते. घोडा अंगठ्याने मागे ओढून घेतला, तर चाप पुष्कळच हलका होतो. पण मग घाबरलेल्या हातून नकळत गोळी सुटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रिकाम्या शस्त्राचा चाप सलग दहा-बारा वेळा, नळी न हलविता ओढता येतो काय, हे विक्रेत्याच्या समक्ष तपासून पाहावे. नाही आला, तर दुसरे शस्त्र पाहावे किंवा काही महिने पंजाचा व्यायाम करून मग निर्णय घ्यावा.

तिसरा प्रश्न रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा. आयुध निर्माणीचे ‘अशनी’सारखे ०.३२चे पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चपटे असते, त्यात गोळ्याही अधिक मावतात. परंतु पहिली गोळी नळीत आणण्यासाठी त्याची स्लाइड ताठ स्प्रिंगच्या विरुद्ध मागे खेचावी लागते. कमी ताकदीच्या हातांना ते जड जाते. गोळी झाडताना मनगट सैल राहिले, तर पुढची गोळी अडकू शकते. अडकलेली गोळी काढणे हे पुन्हा सरावाचे काम. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुटले नाही, तरी चाप पुन्हा ओढताच पुढचे समोर येते. सिलिंडर उघडला की आत किती काडतुसे आहेत, हे नवख्यालाही दिसते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन स्थापन झालेल्या कानपूरच्या ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे ०.३२चे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन काडतुसांविना सुमारे ७०० ग्रॅम असून त्याचा सिलिंडर कडेला उघडतो. जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडावे लागे. एकंदरीत पाहता, लहान चणीच्या नवख्या व्यक्तीला साधारण ७०० ग्रॅमचे, मुठीत नीट बसणारे रिव्हॉल्व्हर पर्समधल्या ५०० ग्रॅमच्या शस्त्रापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, असे म्हणता येईल.

सरावाविना शस्त्र व्यर्थ

परंतु यातील कोणतेही शस्त्र कपाटात पडून राहिले, तर त्याचा उपयोग शून्य. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, या साऱ्याची पूर्तता करावी लागते. अनेकांच्या लेखी हे प्रमाणपत्र म्हणजे फायलीतला आणखी एक कागद. वास्तविक तोच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांची संख्या मर्यादित असते, ती महागही असतात. त्यामुळे सराव करायचा कुठे आणि काडतुसे आणायची कोठून, याचे उत्तर खरेदीपूर्वीच मिळायला हवे. एखाद्या रायफल क्लबमध्ये आधी ०.२२च्या किंवा हवेच्या पिस्तुलावर हात बसवावा आणि मगच अर्ज करावा, हा क्रम शहाणपणाचा. काही महिन्यांच्या सरावानंतर ‘मला शस्त्र नकोच’ असे कोणाला वाटले, तर तोही निर्णय योग्यच मानला पाहिजे.

घरातला धोका

शस्त्र घरात आले की धोक्याची दिशा बदलते, हे फारसे बोलले जात नाही. अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे कपाटात ठेवताना निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. दहिसरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तीत हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेले पिस्तूल वापरले गेल्याचे तपासात पुढे आले. सोलापूरकरांना तर याहून जवळचा आघात सोसावा लागला. शहरातील एका नामवंत मेंदूविकारतज्ज्ञांचा एप्रिल २०२५ मध्ये स्वतःच्याच परवानाधारक शस्त्राने अंत झाला. त्या घटनेची कारणे काहीही असोत, हाताशी असलेले शस्त्र निराशेच्या क्षणाला माघारीची संधी देत नाही, एवढे मात्र निश्चित.

या बाबतीत अमेरिकेतील एक अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. कॅलिफोर्नियातील सुमारे अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या बारा वर्षांच्या नोंदींवरून संशोधकांनी २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. त्यानुसार स्वतःचे पिस्तूल नसलेल्यांच्या तुलनेत ते असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण सुमारे आठपट, तर स्त्रियांत तब्बल पस्तीस पटींनी अधिक आढळले. अमेरिकेतील परिस्थिती आपल्याला जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही ‘सुरक्षिततेसाठी शस्त्र’ या युक्तिवादाची ही दुसरी बाजू अर्जदाराने आणि तिच्या कुटुंबाने पाहिलीच पाहिजे. घरात लहान मुले असतील, कोणी मानसिक तणावाखाली असेल, घरात मारहाण होत असेल, तर शस्त्र आणण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवणेच हिताचे. आणायचेच असेल, तर भिंतीत पक्की बसविलेली, कुलूपबंद तिजोरी ही शस्त्राइतकीच आवश्यक खरेदी आहे.

कायद्याची चौकट

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. पतीच्या नावावर परवाना असलेले शस्त्र पत्नीला सोबत घेऊन फिरता येत नाही. परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. लग्नसमारंभात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना गावठी कट्टा बाळगणाऱ्याला किमान दोन वर्षे तुरुंगाची हवा खावी लागू शकते. परवाना लांबला म्हणून आडमार्गाने शस्त्र मिळविणे हे स्वसंरक्षण ठरत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे खासगी संरक्षणाचा हक्क मान्य करतात. जिवाचे भय, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा न्यायालयात स्वतःच आरोपी ठरू शकतो. आपण स्वसंरक्षणार्थ वागलो, हे दाखविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

तेव्हा लहान चणीच्या नवख्या अर्जदाराने प्रश्नांचा क्रमच बदलावा. आपल्याला असलेला धोका खरोखर शस्त्राने टळणारा आहे काय? घरात ते सुरक्षित राहील काय? सरावाला वेळ आणि जागा आहे काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तरच दुकानाची पायरी चढावी. तेथे जाहिरातीतील नावापेक्षा आपल्या तळहाताचे ऐकावे. प्रशासनानेही प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हा उपचार न मानता, अर्जदाराला ते विशिष्ट शस्त्र पेलते काय, याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. ज्या शहरात रात्री एकटीने घरी परतताना स्त्रीला पर्स चाचपावी लागते, त्या शहरात रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त कोठे कमी पडते, हेही त्याच यंत्रणेने तपासले पाहिजे.