विश्लेषण : न्यायालय जवळ आले, दाखले मोबाइलवर आले, मग पाचगणीकर अजून अडतो कुठे?

पाचगणीत राहणाऱ्या माणसाची सरकारी कामे एका दिशेला होत नाहीत. जन्म-मृत्यूचा दाखला, घरपट्टी, पाणीपट्टी गावातच, गिरिस्थान नगरपरिषदेत. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका यांसाठी वर महाबळेश्वरला, तहसील कार्यालयात. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा, म्हणजे पसरणी घाट उतरून वाई. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय साताऱ्यात. आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत उच्च न्यायालय थेट मुंबईत, सुमारे अडीचशे किलोमीटरवर.

गेल्या दहा-अकरा वर्षांत या अंतरांवर सरकारने बरेच काम केले आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण जे कमी झाले ते रस्त्यावरचे अंतर. खिडकीच्या अलीकडचा माणूस आणि त्याचा हक्क यांच्यातले अंतर तितके कमी झालेले नाही, आणि ते मोजण्याची कोणाला फारशी घाईही दिसत नाही.

कोणत्या सुधारणा झाल्या?

सर्वात मोठी सुधारणा २०१५ची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने ‘साहेबांच्या सवडीने’ मिळणारा दाखला मुदतीत मिळण्याचा हक्क झाला. कोणती सेवा किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर अपील कोणाकडे, हे अधिसूचित करून कार्यालयाबाहेर लावणे बंधनकारक झाले. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५ दिवस, अशा मुदती ठरल्या. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे अर्ज घरबसल्या करता येऊ लागला आणि अर्जाला क्रमांक मिळू लागला. हा क्रमांक दिसायला किरकोळ, पण तो मिळाला की मुदतीचे घड्याळ सुरू होते.

त्यानंतर २०२५ हे वर्ष घोषणांच्या दृष्टीने गजबजलेले ठरले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासकीय कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम राबवला आणि त्याचे गुण महाराष्ट्रदिनी जाहीर केले. पाठोपाठ १५० दिवसांचा कार्यक्रम आला. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुद्रांक शुल्क किमान ५०० रुपये झाल्याने साध्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठीही लोकांकडून पाचशेचा स्टॅम्प मागितला जात होता. तो लागणार नाही, असे महसूल विभागाला सांगावे लागले.

आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ लावून धरलेली ही मागणी. पाचगणीहून कोल्हापूर सुमारे १७० किलोमीटर पडते. सिंधुदुर्गाच्या तुलनेत पाचगणीचा फायदा माफक, पण मुंबईत मुक्काम करण्याचा खर्च वाचतो हे लहान नाही.

तरीही उच्च न्यायालयापर्यंत जाणारे प्रकरण शंभरात एखादे. बाकीचे त्याच्या खूप अलीकडे अडतात.

अडते कुठे?

समजा, पाचगणीतल्या एखाद्या निवासी शाळेच्या भटारखान्यात काम करणाऱ्या बाईंचे यजमान वारले. मृत्यूचा दाखला नगरपरिषदेकडून लगेच मिळतो. इथवर व्यवस्था चोख आहे. पुढे घर त्यांच्या नावावर करायचे आहे. घर शहरहद्दीत, म्हणजे नोंद सातबाऱ्यावर नाही तर मिळकत पत्रिकेवर. ‘जिवंत सातबारा’चा बोर्ड वाचून त्या तलाठ्याकडे जातात. तिथे कळते, हे काम भूमी अभिलेखचे. तिथे वारसांबद्दल एखादी शंका निघाली, दिराने हरकत घेतली, की उत्तर ठरलेले : कोर्टातून वारस दाखला आणा.

हा ‘कोर्टाचा वारस दाखला’ महाराष्ट्रात आजही १८२७च्या मुंबई विनियम ८ खाली दिला जातो. कंपनी सरकारच्या काळातला कायदा, एल्फिन्स्टनच्या राजवटीतला. बँकेतल्या ठेवीला नॉमिनी नसेल तर त्यासाठी वेगळे, १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे प्रमाणपत्र मागितले जाते. एक मृत्यू, दोन कायदे, दोन अर्ज. आणि आता वकील हवा.

बाई इथे थांबतात. घर यजमानांच्याच नावावर राहते. पुढे घरदुरुस्तीला कर्ज मिळत नाही. त्यात महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकामाची परवानगी आधीच अधिक हातांतून जाते. नाव लागलेले नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की या बाईंना वकील मोफत मिळण्याचा हक्क आहे. कोर्ट फीसुद्धा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरली जाऊ शकते. भूमी अभिलेखच्या खिडकीवरून ‘कोर्टात जा’ असे सांगितले जाते. ‘आणि तिथे तुम्हाला वकील फुकट मिळेल’ हे दुसरे वाक्य सांगण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही कायद्याने त्या खिडकीवर टाकलेली नाही.

दुसरी अडचण मुदतीच्या घड्याळाचीच. कायदा म्हणतो, अर्ज घ्या, पोच द्या, नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. प्रत्यक्षात बहुतेक नकार तोंडी असतात. ‘एक झेरॉक्स कमी आहे’, ‘सर्व्हर डाउन आहे’, ‘सोमवारी या.’ अर्ज नोंदलाच गेला नाही, की उशीरही झाला नाही आणि अपीलही उरले नाही. ऑनलाइनमध्ये याचेच दुसरे रूप म्हणजे ‘त्रुटी’ लावून अर्ज परत पाठवणे. कागदोपत्री सेवा मुदतीत. माणूस मात्र तिसऱ्या हेलपाट्यावर. स्ट्रॉबेरीच्या शेतात किंवा हॉटेलात रोजंदारी करणाऱ्याचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे एक बुडालेला रोज, आणि पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात एसटीची वाट पाहणे वेगळे.

मोफत वकील नेमका कोणाला मिळतो?

समज असा, की दारिद्र्यरेषेखालच्या आरोपीला. तो चुकीचा आहे. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार सर्व महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, मानवी तस्करीचे बळी आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सहाय्य मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नमर्यादा तीन लाख रुपये आहे. फौजदारीच नव्हे, दिवाणी, महसुली, कौटुंबिक प्रकरणांतही. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून, तालुका विधी सेवा समितीकडे किंवा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साधा अर्ज करून तो मागता येतो.

ही मेहरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले, तेही महाराष्ट्रातल्याच होस्कोट प्रकरणात. न्या. कृष्णा अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७६ मध्ये, ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९ क राज्यघटनेत आला होता.

फौजदारी प्रकरणांत अलीकडे ठोस सुधारणा झाली आहे. २०२२च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमले जात आहेत. त्यांना खासगी वकिली करता येत नाही. आरोपीची बाजू मांडणे हेच त्यांचे काम. पॅनेलवरच्या वकिलाला तुटपुंज्या मानधनावर, स्वतःची पक्षकारमंडळी सांभाळून हे काम करावे लागत होते, त्यापेक्षा ही रचना कितीतरी बरी. पण ती फौजदारीपुरती आहे. वारस, पोटगी, घर, जमीन या प्रकरणांत जुनी पॅनेल पद्धतच चालू आहे, आणि पाचगणीसारख्या गावातली बहुतांश गरज नेमकी तिथे आहे.

आकडे काय सांगतात, काय नाही?

इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ने देशाचे चित्र मांडले आहे. विधी सहाय्यावरचा दरडोई खर्च वर्षाला सुमारे सहा रुपये. गावपातळीवर मदत करणारे विधी स्वयंसेवक २०१९च्या तुलनेत ३८ टक्क्यांनी कमी झाले. लाख लोकसंख्येमागे आता तिघे. पाचगणीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे १५ हजार होती. सरासरीच लावायची तर पाचगणीच्या वाट्याला अर्धा स्वयंसेवकही येत नाही.

बातम्यांत मात्र दिसतो लोकअदालतींचा आकडा. वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत होते आणि निकाली प्रकरणांची मोठी संख्या जाहीर होते. लोकअदालत उपयुक्त आहे : कोर्ट फी परत मिळते, वैर मिटते, निकालावर अपील नसल्याने विषय संपतो. पण त्या संख्येत वाहतुकीचे ई-चलान, थकीत पाणीपट्टी, बँकांची वसुली अशी दाखलपूर्व प्रकरणेही मोजली जातात. थकबाकीदाराने तडजोडीत पैसे भरले, याला ‘न्याय मिळाला’ म्हणणे जरा जास्तच झाले.

मोजमापाने काय होऊ शकते, हे पाचगणीइतके फार थोड्या गावांना ठाऊक असेल. स्वच्छ सर्वेक्षणात गुण मिळू लागले आणि या गावाने कचऱ्याचे व्यवस्थापन असे बसवले, की २०२४च्या सर्वेक्षणात २० हजारांखालील शहरांच्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये पाचगणीचे नाव पाटण आणि पन्हाळ्याबरोबर आले. तीच नगरपरिषद, तेच कर्मचारी, तोच पावसाळा. किती अर्ज तोंडी परत पाठवले, किती नकार लेखी दिले, किती जणांना विधी सेवा समितीचा पत्ता दिला, याला कुठल्याही सर्वेक्षणात गुण नाहीत. १०० दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण याला गुण होते. परत गेलेल्या माणसाला नव्हते.

जाता जाता एक गोष्ट. पाचगणीच्या एशिया प्लॅटो केंद्रात अनेक वर्षे सनदी अधिकारी, कर्मचारी नैतिक प्रशासनाच्या शिबिरांना येतात. आतला आवाज ऐका, असे तिथे शिकवले जाते. चांगलेच आहे. मात्र ज्याला रोज रांगेत उभे राहायचे आहे, त्याला अधिकाऱ्याच्या आतल्या आवाजापेक्षा लेखी पोच जास्त उपयोगाची.

करता काय येईल?

नवा कायदा लागत नाही. विधी सेवा आणि लोकसेवा हक्क ही दोन खाती एकमेकांना ओळखत नाहीत, तेवढी ओळख करून दिली तरी पुष्कळ होईल. अर्ज नाकारल्याच्या किंवा त्रुटी लावल्याच्या प्रत्येक संदेशात प्रथम अपिलीय अधिकाऱ्याच्या नावाखाली तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० छापणे हे संगणकातले एका ओळीचे काम आहे. आठवड्यातून एक दिवस विधी स्वयंसेवक न्यायालयाच्या आवाराऐवजी नगरपरिषदेत किंवा सेतू केंद्राशेजारी बसला, तर ‘कोर्टात जा’ ऐकून घरी परतणारा माणूस तिथेच अर्ज भरेल. भिलार, खिंगर, राजपुरी, आंब्रळची माणसेही बाजाराच्या निमित्ताने पाचगणीत येतातच.

भरपाईचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात उशिराचा दंड अधिकाऱ्याला होतो. अर्जदाराच्या पदरात काही पडत नाही. शेजारच्या कर्नाटकात २०११च्या ‘सकाल’ कायद्याने उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये नागरिकाला देण्याची सोय केली. मध्य प्रदेशने २०१०च्या कायद्यात दंडाची रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येईल असे म्हटले. रक्कम क्षुल्लक असली तरी अपील करायला माणसाला काही कारण मिळते. आपल्याकडे ‘साहेबांशी वाकडे कशाला’ हा हिशेब अजून भारी ठरतो, कारण उद्या पुन्हा त्याच खिडकीवर जायचे असते.

माहितीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाचा आदेशच आहे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुहास चकमा प्रकरणात न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने पोलीस ठाणी, टपाल कार्यालये, बस आणि रेल्वे स्थानके अशा ठिकाणी जवळच्या विधी सहाय्य कार्यालयाचा पत्ता आणि दूरध्वनी स्थानिक भाषेत लावण्यास सांगितले. पाचगणीला रेल्वे नाही. पण एसटी स्थानक आहे, पोस्ट आहे, पोलीस ठाणे आहे. भटारखान्यातून सुटून संध्याकाळी घरी निघालेल्या बाईंच्या वाटेवर यातले एक तरी ठिकाण लागतेच.