मार्का, तुकडी आणि ग्राहक

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती या जुन्या नावाचेच ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या जिभेवर झालेले रूप. गाठ न फोडता मार्क्यावरून मालाची पत ठरवावयाची, हा त्या व्यवहाराचा पाया होता. आणि मार्क्याला भाव आला की मार्क्यातील लबाडीही येते, म्हणूनच मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

तोच खेळ आता नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याभोवती चालतो. संगणकाचे सुटे भाग आणून स्वतः जुळणी करणारे हौशी तरुण प्रोसेसर घेताना केवळ किंमत आणि वेग पाहत नाहीत, तर त्याच्या झाकणावरील बारीक अक्षरेही वाचतात. इंटेलच्या तुकडी-क्रमांकात पहिले चिन्ह जुळणीच्या कारखान्याचे, त्यापुढचा आकडा वर्षाचा आणि नंतरचे दोन आठवड्याचे असतात. अमुक आठवड्याची तुकडी नेमून दिलेल्या वेगापेक्षा पुष्कळ पुढे पळते, अशी वार्ता एकदा पसरली की त्या तुकडीला मागणी येते. वलगावहून अमरावतीला शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याने घरून मिळालेले पैसे अशा वार्तेच्या भरवशावर घालवावेत काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

मुळात असे प्रोसेसर असतातच कसे? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो प्रोसेसर एकाच वेळी घडतात. पण एकाच घाण्यातल्या साऱ्या चकल्या सारख्या खुसखुशीत होत नाहीत, तसेच येथेही होते. कारखाना प्रत्येक नग तपासतो आणि जो ज्या वेगाला टिकतो त्या वर्गात टाकतो. इथवर हा प्रतवारीचा साधा व्यवहार झाला. अर्थशास्त्राला रस आहे तो पुढच्या भागात. उत्पादनाची पद्धत मुरली की बहुतेक नग वरच्या वर्गाला पात्र ठरू लागतात, परंतु बाजाराला स्वस्त मालच अधिक हवा असतो. मग उत्तम नगावरही कनिष्ठ वेगाचा शिक्का मारून तो विकला जातो. १९९१ मध्ये आलेल्या ४८६ एसएक्समध्ये तर गणिती सहप्रोसेसर जाणूनबुजून निकामी केलेला होता. फ्रेंच अभियंता द्युपुई याने १८४९ साली लिहून ठेवले होते की, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसते ते खर्च वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. दीडशे वर्षांनी छपराची जागा शिक्क्याने घेतली, एवढेच.

या शिक्क्यामागचा माल ग्राहकांनी ओळखला त्याचे गाजलेले उदाहरण ऑगस्ट १९९८ मधले. इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर १४९ डॉलरना आला. त्याच वेळी ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम दोनची किंमत होती ६६९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक साडेचारवर पक्का केलेला होता, परंतु मातृफलकाची मूळ गती ६६ वरून १०० वर नेली की तोच नग ४५० ने धावे. पुष्कळ नग धावलेही. तेव्हाच तुकड्यांची चर्चा रंगली आणि मलेशियाचा नग बरा की कोस्टारिकाचा, यावर पैजा लागू लागल्या. मौज अशी की ही दोन्ही ठिकाणे जुळणीची आणि तपासणीची होती. सिलिकॉन घडत होते भलतीकडेच. शिवाय ज्याचा नग पळाला तो गावभर सांगतो, ज्याचा रुसला तो गप्प बसतो. दहा-वीस नगांवरून काढलेल्या अनुमानाला ज्ञान म्हणता येत नाही, आणि तुकडीची सरासरी चांगली असली तरी हाती येणारा नग सरासरी असतोच असे नाही.

याचा अर्थ अक्षरे निरर्थक आहेत असा मात्र नव्हे. २००३ च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉन एक्सपी १७००+ मध्ये ‘डीएलटी३सी’ अशी खूण असलेले नग शोधले जात, आणि १.४७ गिगाहर्ट्झचे हे नग दोनच्या पुढे सहज जात. त्या खुणेतील ‘एल’ हे अक्षर दीड व्होल्टवर चालण्याची पात्रता दाखवीत असे. म्हणजे ती कारखान्याच्या तपासणीची साक्ष होती. जी खूण तपासणी सांगते ती माहिती. जी केवळ पंचांगातला आठवडा सांगते ती बहुतांशी ऐकीव गोष्ट. हा भेद न कळल्यानेच बाजारात लबाडीला वाव मिळतो. नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरील आकडा घासून त्याजागी वरचा आकडा छापणाऱ्या टोळ्यांनी इतका उच्छाद मांडला होता की गुणकाला कुलूप घालण्यामागे तेही एक कारण होते.

आज तर ही शिल्लक गतीच आटत चालली आहे. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर उष्णता आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवितात. कुलूप नसलेले नग वेगळ्या किमतीला विकले जातात. नग तपासून निवडक माल चढ्या भावाने विकणारी ‘सिलिकॉन लॉटरी’ ही अमेरिकी पेढी २०२१ मध्ये बंद झाली, याचे आश्चर्य वाटावयास नको. दलालाला मिळणारा नफा उत्पादकाने स्वतःकडे ओढला.

उरलेल्या थोड्या गतीसाठी मोजावी लागणारी किंमत मात्र कमी नाही. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वीस टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढविले, तर वीज सुमारे पंचेचाळीस टक्के अधिक लागते आणि तेवढी उष्णता बाहेर पडते. युरोपातल्या हिवाळ्यात यशस्वी ठरलेला प्रयोग पारा ४४ अंशांवर चढलेल्या मे महिन्यातल्या वऱ्हाडात टिकेलच असे नाही. हमी जाते ती निराळीच. हिशेबाच्या कामात तर याहून वाईट संभवते: यंत्र बंद न पडता चुकीचे उत्तर देते.

तुकडी ओळखण्याची खरी गरज वेगळीच आहे. २०२४ मध्ये इंटेलचे तेराव्या व चौदाव्या पिढीचे अनेक प्रोसेसर, कोणीही गती न वाढविता, अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर झाल्याचे उघड झाले आणि कंपनीला त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. शिवाय तेराव्या पिढीच्या आरंभीच्या काही मालात निर्मितीचाही दोष होता. अशा वेळी आपला नग सदोष तुकडीतला आहे काय, हे ग्राहकाला स्वतः पाहता आले पाहिजे. वऱ्हाडातला शेतकरी हे पूर्वीच शिकला आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली येणाऱ्या पिशवीच्या लेबलावर लॉट क्रमांक असतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला तेव्हा पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवणाऱ्याची बाजू बळकट होती. संगणकाच्या दुकानातील पावतीवर मात्र पुष्कळदा नुसते प्रोसेसरचे नाव असते. त्यावर तुकडी-क्रमांक आणि नगाचा अनुक्रमांक लिहून मागावा, आणि महाविद्यालयांनी तर खरेदीच्या निविदेतच ती अट घालावी. दुकानदाराला त्यासाठी डब्यावरचे दोन आकडे उतरून घेण्यापलीकडे काही करावे लागत नाही.