‘बघितलंय मी’ म्हणण्यापूर्वी

पडद्यावर धडाधड गोळ्या सुटतात, खलनायक छाती धरून कोसळतो, आणि आपण शेजारच्या मैत्रिणीला म्हणतो, “अगं, सगळं खोटं असतं!” रक्त खोटे, मरण खोटे, हे खरेच. पण बंदूक पुष्कळदा खरी असते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

२१ ऑक्टोबर २०२१ची गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराजवळ, ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाचे काम चालू होते. चर्चच्या सेटवर नुसती तालीम चालली होती. नायक ॲलेक बाल्डविन यांच्या हातातले रिव्हॉल्व्हर कॅमेऱ्याच्या रोखाने होते, आणि ते उडाले! गोळी छायालेखिका हलिना हचिन्स यांच्या शरीरातून आरपार जाऊन दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली. सूझा वाचले. हलिना मात्र गेल्या. वय अवघे ४२. मागे नवरा आणि लहान मुलगा.

हे झाले कसे? त्यासाठी काडतुसांचे तीन प्रकार समजून घ्यायला हवेत. खऱ्या काडतुसात दारू असते आणि पुढे गोळी. ‘ब्लँक’मध्ये दारू असते, गोळी नसते, त्याने नुसता आवाज आणि जाळ होतो. तिसरे ‘डमी’. दिसायला हुबेहूब खरे, पण आत दारूच नाही. रिव्हॉल्व्हर भरलेले दिसावे म्हणून ते घालतात. डमी ओळखता यावे म्हणून त्यात बारीक छर्रा ठेवतात. कानाशी धरून हलवले की खुळखुळ्यासारखे वाजते. काहींच्या कडेला भोकच पाडलेले असते. बघा, तपासणी किती सोपी! पण त्या दिवशी डमींमध्ये एक खरे काडतूस होते आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही. सेटवर खरे काडतूस असता कामा नये हा पहिला नियम. तरी उडालेले धरून अशी सहा निघाली.

शस्त्रे सांभाळायला एक २४ वर्षांची मुलगी नेमलेली होती. तिच्याच गळ्यात इतर सामानसुमानाचे कामही घातलेले. तू शस्त्रांवरच फार वेळ घालवतेस, असे तिला वरून सुनावले गेल्याचे सरकारी चौकशीत पुढे आले. काही दिवस आधी त्याच सेटवर चुकून बार उडाले होते. त्यावर नीट चौकशी झाली नाही. नायकाला बंदूक निर्धोक असल्याची ग्वाही मिळाली होती. पण पहिल्या सहायक दिग्दर्शकाने पुढे कबूल केले, की सगळी काडतुसे आपण नीट पाहिली नव्हती. तिने पाहिले असेल म्हणून त्याने सोडले, त्याने पाहिले असेल म्हणून नायकाने हातात घेतले. आपल्याकडे याला बारभाईचा कारभार म्हणतात.

मग जबाब कोणी द्यायचा? कंपनीला २०२२मध्ये १ लाख ३६ हजार ७९३ डॉलर दंड झाला. तडजोडीत तो १ लाखावर आला. सहायक दिग्दर्शकाला २०२३मध्ये सहा महिन्यांच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडले. शस्त्रे सांभाळणाऱ्या मुलीला २०२४मध्ये १८ महिन्यांची कैद झाली. बाल्डविन यांचे म्हणणे, आपण चाप ओढलाच नाही. सरकार पक्षाने काडतुसांसंबंधीचा पुरावा दडवल्यामुळे न्यायाधीशांनी जुलै २०२४मध्ये त्यांच्यावरचा खटलाच काढून टाकला. ते दोषी की निर्दोष, हे ज्यूरीला ठरवताच आले नाही. बाल्डविन चित्रपटाचे एक निर्मातेही होते. पैसा वाचवणाऱ्यांनी आणि घाई करणाऱ्यांनी काय भोगले, हा प्रश्न मनात येतोच.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. ३१ मार्च १९९३ला ‘द क्रो’च्या सेटवर ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन ली असाच गेला. खऱ्या काडतुसांतली दारू काढून घरगुती डमी बनवली होती. त्यातल्या एकाची गोळी नळीत अडकून राहिली. नंतर ब्लँक भरताना नळीत कुणी डोकावले नाही. ब्लँकच्या जोराने तीच गोळी बाहेर आली. वय २८, पुढच्याच महिन्यात लग्न ठरलेले.

खरी पद्धत काय, तर शस्त्रे सांभाळणाऱ्याने सर्वांसमक्ष बंदूक उघडायची, नळीतून उजेड पाहायचा, एकेक डमी हलवून वाजवून दाखवायचे. कुणा पोऱ्याने जरी म्हटले, “मला परत दाखवा,” तरी न रागावता दाखवायचे. आणि माणसाच्या रोखाने बंदूक धरायची नाही, मग ती रिकामी का असेना. ‘रस्ट’नंतर ‘द रूकी’ या मालिकेने खऱ्या बंदुका बंदच केल्या. धूर-जाळ पुढे यंत्रावर घालता येतो.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठली आलीय बंदूक? पण ‘बघितलंय मी’ हे वाक्य आपल्याही घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जातेच ना? सिलिंडर बदलला, की जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे ज्याने बदलला त्यानेच दुसऱ्याला दाखवावे. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी कोणी दिली, याची खूण कॅलेंडरवर करावी. नाहीतर सूनही देते आणि सासूबाईही देतात. सरबताच्या बाटलीत फिनेल भरूच नये. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल मुलाने भावंडाच्या तोंडावर रोखले, तर ‘खेळणंच आहे’ म्हणून हसू नये, तिथेच हात खाली करायला लावावा.

आणि घरातली धाकटी सून किंवा कामाची बाई “परत एकदा बघू का?” म्हणाली, तर “माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणून तिला गप्प करू नका. बघू द्या तिला.