टाळ्या, पुष्पवृष्टी आणि पाळीचा तक्ता

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिकांचे म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी करोनाने गाठले. २२ मार्चला देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. मधल्या काळात ५० लाखांचा विमा आला. आरोग्य कर्मचाऱ्यास गंभीर इजा करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद ठरवणारा अध्यादेशही आला. हे सारे योग्यच होते. परंतु विमा मृत्यूनंतर मिळतो आणि कायदा मारहाणीनंतर जागा होतो. पीपीई पोशाखात, पाण्याचा घोटही न घेता काढलेली पाळी यांपैकी कशातच बसत नाही.

त्याच मे महिन्यात कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शंभराहून अधिक परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. तक्रार वेतनाची होती, संरक्षक साधनांची होती, आणि चेहऱ्यावरून होणाऱ्या हेटाळणीचीही. परप्रांतात बिऱ्हाड केलेल्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' सुरू झाले, ते स्वागतार्हच. तरीही परिचारिकांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की मी प्रथम रिक्त पदांचा रकाना पाहतो. दोघींचे काम एकीने करायचे, तर समुपदेशकाशी बोलायला त्राण कोठून उरणार? वेतनाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने लहान खाजगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये सुचवले. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून शिफारस राज्यांकडे रवाना झाली. ती कोणत्या कपाटात आहे, हे मी भेटेल त्या सहकाऱ्याला विचारत असतो.